एकाच मजहबाचें बंधन

सुन्नी मुसलमानानें चार मजहबांपैकीं एकालाच आमरण धरून राहिलें पाहिजे काय, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ पंडितांच्या वादाचा वाटतो. परंतु आपल्या देशाच्या इतिहासांत त्याच्या उत्तरावर अनेक स्त्रियांचें भवितव्य अवलंबून राहिलें आहे. धर्मनिर्णय देण्याचा आमचा अधिकार नाहीं; इतिहास काय सांगतो तेवढेंच आम्ही येथें पाहणार आहोंत.

ज्या चार इमामांच्या नांवानें हे मजहब चालतात त्यांपैकीं अबू हनीफा इ. स. ७६७ मध्यें, मालिक ७९५ मध्यें, शाफिई ८२० मध्यें व अहमद बिन हंबल ८५५ मध्यें वारले. अबू हनीफांचे शिष्य मुहम्मद शैबानी हे मदिनेस जाऊन मालिकांजवळ शिकले; शाफिईंनीं प्रथम मालिकांपाशीं व पुढें शैबानींपाशीं अध्ययन केलें. दिल्लीचे शाह वलीउल्लाह (१७०३–१७६२) यांनीं तर स्पष्टच लिहून ठेविलें आहे कीं, हिजरी सनाच्या चौथ्या शतकापूर्वीं लोक एकाच मजहबाला सर्वस्वीं बांधलेले नव्हते. पुढें मदरसे व राजसत्ता यांच्या आधारानें मजहबांना स्थिर रूप आलें. १२६५ मध्यें सुलतान बैबर्स यानें कैरो येथें चारही मजहबांचे चार मुख्य काजी नेमले.

तथापि या अनुसरणास, म्हणजे ज्यास तकलीद म्हणतात तिला, निव्वळ रूढीचें जोखड म्हणून हिणविणें अन्यायाचें होईल. मूळ आधार तोलून पाहण्याइतकी विद्या सामान्य मनुष्याजवळ नसते. आज या इमामाची सवलत घ्यावी, उद्यां त्या इमामाची, असें ज्यानें त्यानें सोईपुरतें उचलूं लागल्यास कायदा उरतो कोठें? म्हणूनच वलीउल्लाहांनींही असें म्हटलें कीं, जेथें इतर मजहबांचे पंडित व ग्रंथ मिळत नाहींत त्या हिंदुस्थानासारख्या देशांतील अज्ञ मनुष्यानें अबू हनीफांचाच मार्ग धरावा. मात्र येथें बंधनाचें कारण परिस्थितींत आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

कारण आपल्या कोंकणांत ती परिस्थिति नव्हती. तेथील मुसलमान बहुशः शाफिई, तर घाटावरचे बहुशः हनफी. मुंबईंत दोघांचा शेजार. शाफिई मतानें कुमारिकेचा विवाह वलीशिवाय, म्हणजे पित्यासारख्या पालकावांचून, होऊं शकत नाहीं. हनफी मतानें वयांत आलेली स्त्री स्वतः विवाह करूं शकते. १८६४ मध्यें मुंबईच्या हायकोर्टापुढें असा खटला आला कीं, शाफिई घराण्यांतील एका वयांत आलेल्या मुलीनें हनफी मत स्वीकारून पित्याच्या संमतीवांचून विवाह केला होता. वयांत आलेल्या स्त्रीस चारांपैकीं कोणताही मजहब पत्करतां येतो व तिच्या पुढील कृत्यांस त्याच मजहबाचा नियम लागू होतो, असें ठरवून कोर्टानें तो विवाह वैध मानला.

एरवीं मात्र इंग्रजी अंमलांत बंधन सैल होण्याऐवजीं घट्टच झालें. हनफी ग्रंथ ‘हिदाया’ याचें हॅमिल्टनकृत इंग्रजी भाषांतर १७९१ मध्यें निघालें आणि कोर्टें त्यावर विसंबूं लागलीं. प्राचीन भाष्यकारांच्या स्पष्ट निर्णयाविरुद्ध न्यायाधीशांनीं कुराणाचा आपला अर्थ लावूं नये, असें प्रिव्ही कौन्सिलनें १८९७ मध्यें सांगितलें. जिवंत मुफ्तीस अडचण पाहून मार्ग काढतां येतो. छापील ग्रंथास तें साधत नाहीं. हनफी नियमाप्रमाणें बेपत्ता पतीच्या समवयस्कांचें आयुष्य सरेपर्यंत पत्नीनें वाट पाहावयाची. मालिकी मतानें चार वर्षांची मुदत पुरते. पोटगी न देणाऱ्या पतीपासून सुटण्याची वाटही हनफी ग्रंथांत नव्हती. धर्मत्यागानें मात्र विवाह तुटे. त्यामुळें पंजाबांत कित्येक स्त्रियांनीं केवळ सुटकेसाठीं इस्लाम सोडला. कवि इक्बाल यांनीं १९३० मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत त्याचा खेदानें उल्लेख केला आहे.

अशा वेळीं पुढें आले ते तकलीदचे कट्टर पुरस्कर्ते मौलाना अशरफ अली थानवी. त्यांनीं मदिनेच्या मालिकी मुफ्तींकडून फतवे मागविले आणि १९३१ च्या सुमारास ‘अल्-हीलतुन्-नाजिझा’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यांत अडलेल्या स्त्रीसाठीं मालिकी नियम स्वीकारला व केवळ धर्मत्यागानें विवाह तुटतो हें मत सोडून दिलें. याच विचाराच्या आधारानें काझमी यांनीं १९३६ मध्यें मध्यवर्ती कायदेमंडळांत विधेयक मांडलें. १९३९ मध्यें मुस्लिम विवाहविच्छेदाचा कायदा झाला. पति चार वर्षें बेपत्ता असल्यास अथवा त्यानें दोन वर्षें पोटगी न दिल्यास पत्नीस कोर्टाकडून विच्छेद मिळूं लागला. असे दावे मुसलमान न्यायाधीशांपुढेंच चालावेत, ही उलेमांची अट मात्र कायद्यांत टिकली नाहीं.

या दोन उदाहरणांत भेद आहे. मुंबईच्या मुलीनें आपला निर्णय आपणच घेतला. थानवींनीं मजहब न सोडतां, गरजेपुरता, विद्वानांच्या संमतीनें दुसऱ्याचा नियम घेतला. पहिल्या मार्गांत स्वैरतेचें भय आहे. दुसऱ्यांत विलंबाचें आहे, आणि तो विलंब ज्यांना भोगावा लागला त्यांचा फतव्याच्या चर्चेंत आवाज नव्हता. मजहबाचें बंधन सुव्यवस्थेसाठीं निर्माण झालें; ज्या ठिकाणीं त्यामुळें माणसास धर्मच सोडावा लागला, त्या ठिकाणीं त्याच्या रक्षकांनींच तें शिथिल केलें. इतिहासाची साक्ष एवढीच आहे, आणि ती थोडी नव्हे, असें आम्हांस वाटतें.