मौजे आणि कसबे

आपल्याकडे ग्रामनामांची चर्चा निघाली, की ती बहुधा नावाच्या मुख्य अंगाभोवतीच फिरते. पिंपळगावचा पिंपळ कोठे होता, एखाद्या नावात कोणत्या देवतेचा किंवा कोणत्या कुळाचा अंश उरला आहे, हे शोधण्यात अभ्यासकांनी पुष्कळ परिश्रम घेतले आहेत आणि ते व्यर्थ गेलेले नाहीत. परंतु नावाच्या आधी किंवा नंतर चिकटलेला जो एखादा लहानसा शब्द आपण बोलताना सहज गाळतो, त्याच्याकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. गावाचे नाव गावकऱ्यांनी ठेवले. हा उपशब्द दफ्तराने दिला, आणि म्हणूनच त्या गावाकडे राज्य कोणत्या दृष्टीने पाहत होते हे मुख्य नावापेक्षा तोच अधिक नेमकेपणाने सांगतो. वडगाव या नावाची गावे महाराष्ट्रात इतकी आहेत, की नुसते वडगाव म्हटल्याने काहीच कळत नाही. जेथे 1779 च्या जानेवारीत इंग्रजांना मराठ्यांशी मानहानीचा करार करावा लागला, ते वडगाव मावळ. पुण्यानजीकचे वडगाव बुद्रुक. आणि कोल्हापूरकडचे पेठ वडगाव, ज्याच्या नावातच त्याचा व्यापार नोंदलेला आहे.

या उपशब्दांपैकी खुर्द आणि बुद्रुक ही जोडी सर्वांना परिचित आहे. फारसीत खुर्द म्हणजे लहान आणि बुजुर्ग म्हणजे थोर. बुजुर्गचे मराठी जिभेवर बुद्रुक झाले. ही जोडी केवळ थोरला-धाकटा एवढेच सांगते, म्हणून तिच्यापाशी फार वेळ थांबण्याचे कारण नाही. खरा इतिहास साठलेला आहे तो मौजे आणि कसबे या दुसऱ्या जोडीत. सांगलीजवळ कसबे डिग्रज आहे आणि मौजे डिग्रजही आहे. कागल तालुक्यात कसबा सांगाव आहे आणि मौजे सांगावही आहे. निफाड तालुक्यात कसबे सुकेणे आणि मौजे सुकेणे एकमेकांच्या शेजारी नांदतात. एकाच नावाच्या दोन वस्त्यांना ओळखीची खूण म्हणून दफ्तराने हे शब्द दिले, हे तर उघडच आहे. परंतु येथे खुर्द-बुद्रुक न म्हणता मौजे-कसबे म्हटले, याचा अर्थ असा, की त्या दोन वस्त्यांमधला फरक लहानमोठेपणाचा नसून प्रकाराचा आहे असे लिहिणाऱ्या कारकुनास वाटत होते.

दोन्ही शब्द मुळात अरबी असून फारसी राज्यकारभाराच्या वाटेने आपल्याकडे आले. मौजा म्हणजे ठिकाण, आणि महसुलाच्या परिभाषेत सीमा ठरलेले, स्वतंत्र आकारणीचे गाव. कसबा म्हणजे प्रदेशातले मुख्य ठाणे. मौजे, कसबे, परगणे, किल्ले या रूपांतला शेवटचा एकार पुष्कळांना अनेकवचनी वाटतो. वस्तुतः तो फारसीतल्या इजाफतीचा अवशेष आहे. किल्ला-ए-रायगड याचे जसे किल्ले रायगड झाले, तसेच मौजा-ए-अमुक याचे मौजे अमुक. मराठी लेखनिकाने परभाषेतला हा संबंधदर्शक स्वर आपल्या शब्दात इतका मुरवून घेतला, की मौजे मजकूर, कसबे मजकूर असे लिहिताना त्याला तो परका वाटेनासा झाला. विदर्भात मात्र मौजा हेच रूप चालू राहिले.

कसबा या शब्दाविषयी एक समजूत रूढ आहे: जेथे कसबी लोक, म्हणजे कारागीर, राहतात तो कसबा. ती ऐकायला गोड आहे आणि कसब्यात कारागीर असतच, म्हणून ती टिकली. पण कौशल्यवाचक कसब आणि स्थलवाचक कसबा हे अरबीत निरनिराळ्या अक्षरांनी लिहिले जाणारे निरनिराळे शब्द आहेत, आणि मराठीत ते उच्चार पावताना तो भेद लोपला, एवढेच. उत्तर आफ्रिकेत आजही कसबा म्हटले म्हणजे शहराचा जुना, तटबंदीचा भाग समजतात. उत्तर हिंदुस्थानात बिलग्राम, काकोरी यांसारखे कसबे काजींची, मुन्शींची आणि विद्वानांची घराणी जेथे स्थिरावली अशी ठिकाणे म्हणून गाजले. अकबराच्या पदरी असलेल्या निजामुद्दीन अहमदाने आपल्या इतिहासग्रंथात बादशाही मुलखात 120 मोठी शहरे आणि 3200 कसबे असल्याचे सांगून प्रत्येक कसब्याखाली 100 पासून 1000 पर्यंत गावे असतात असे नोंदले आहे. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की कसब्याची व्याख्या त्याच्या स्वतःच्या घरांच्या संख्येवर केलेली नाही. त्याच्याकडे तोंड करून असलेल्या खेड्यांच्या संख्येवर केलेली आहे.

महाराष्ट्रातल्या कसब्याचे वैशिष्ट्य मात्र बाजार हे होय. परगण्याचे ठाणे तेथे असे, देशमुख-देशपांड्यांचे वाडे पुष्कळदा तेथेच असत, पण ज्यामुळे तो कसबा मौज्याहून निराळा पडे ते वतनदार म्हणजे शेटे आणि महाजन. मौज्याला पाटील असे, कुलकर्णी असे, चौगुला असे, आणि बलुतेदार असत. कसब्यालाही हे सर्व असे, कारण त्यालाही स्वतःची शेतजमीन असे आणि तिचा वसूल पाटलाकडेच असे, पण शिवाय शेटे-महाजनांची दुसरी फळी असे. म्हणजे एकाच वेशीच्या आत दोन व्यवस्था नांदत होत्या. एक जमिनीची, दुसरी पेठेची. आणि मानपानाच्या प्रसंगी, आधी विडा कोणाला आणि मिरवणुकीत पुढे कोण, अशा प्रश्नांवरून या दोन व्यवस्थांचे खटके उडून ते गोतसभेपर्यंत जात. हे तंटे आज आपल्याला क्षुल्लक वाटतात, पण त्या मानाच्या क्रमातच वतनाचा हक्क सिद्ध होत असल्यामुळे ते लढणाऱ्यांना जिवापलीकडचे वाटत, आणि त्यांच्याच कृपेने आपल्या हाती त्या काळचे महजर आणि निवाडपत्रे आली आहेत.

शेट्याचे काम काय होते? उदमी लोकांना आणून वसवणे, पेठ आबाद राखणे, दुकानदारांकडून सरकारचा मोहतर्फा, म्हणजे धंद्यावरचा कर, उगवून देणे, बाजारातल्या तंट्यात पुढे होणे. आणि महाजन त्याचा या कामातला जोडीदार. या श्रमाबद्दल त्याला जो हक्क मिळे, तो बाजाराच्या दिवशी प्रत्यक्ष पाहायला मिळत असे. धान्य विकायला बसलेल्या माणसाच्या पोत्यातून शेट्याचा माणूस ओंजळभर धान्य उचली. या हक्काला फसकी असे नाव होते. तेल्याकडून तेल यायचे, तांबोळ्याकडून पाने यायची, माळणीच्या पाटीतून भाजी यायची. मौज्यातल्या सुताराला आणि लोहाराला वर्षाकाठी खळ्यावर पेंढ्यांच्या रूपाने बलुते मिळे, आणि ते सबंध वर्षाच्या संबंधाचे मोल असे. कसब्यातला शेटे मात्र प्रत्येक विक्रीतून, प्रत्येक आठवड्याला, थोडेथोडे घेत असे. माझ्या मते मौजे आणि कसबे यांच्या अर्थांमधले अंतर या दोन घेण्यांमधल्या अंतराइतकेच आहे. मौज्यात माणसे एकमेकांना जन्मापासून ओळखत आणि देणे-घेणे त्या ओळखीवर चाले. कसब्यात अनोळखी माणूस माल घेऊन येई, जकात भरी, सौदा करी आणि निघून जाई, आणि त्या अनोळखी माणसाला निर्धास्त वाटावे यासाठीच शेटे, महाजन आणि सरकारचा कौल ही सर्व यंत्रणा उभी केलेली असे.

कौल या शब्दाचे महत्त्व पेठेच्या संदर्भात विशेष आहे. नवी पेठ वसवायची तर सरकार कौलनामा देई: अमुक वर्षे कर माफ, त्यानंतर क्रमाक्रमाने वाढता आकार, वेठ नाही, उपद्रव नाही. पुण्याचा इतिहास या एका शब्दाभोवती उभा आहे असे म्हटले तरी चालेल. आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव याने 1630 च्या सुमारास कसबे पुणे जाळून त्यावर गाढवांचा नांगर फिरवला, आणि त्यानंतर जिजाबाईंच्या व दादोजी कोंडदेवांच्या देखरेखीखाली ते कौलावरच पुन्हा वसले. लाल महाल आणि कसबा गणपती ही त्या पुनर्वसनाची स्थाने. नांगर फिरवण्याचा अर्थ येथे ध्यानात घ्यावा: ज्या पांढरीवर घरे होती ती काळी, म्हणजे शेतजमीन, करून टाकणे, कसब्याची कसबेपणाची सनदच मोडून काढणे. पुढे 1703 मध्ये औरंगजेबाचा मुक्काम पुण्यास असताना मुहियाबाद नावाची पेठ वसली, तीच आजची बुधवार पेठ. रविवार पेठेचे जुने नाव मलकापूर. 1730 मध्ये शनिवारवाड्याचा पाया घातला गेल्यावर पेठांमागून पेठा वसू लागल्या, त्यांना वारांची नावे मिळाली, वार संपल्यावर सदाशिव, नारायण, नाना अशी माणसांची नावे मिळाली, आणि मूळ कसबा हा त्या सर्वांची जननी असूनही अखेर त्यांच्यातलीच एक होऊन कसबा पेठ म्हणवू लागला. एका नावात दोन्ही शब्द शेजारी शेजारी बसलेले पाहिले, म्हणजे शहर कोणत्या क्रमाने वाढले हे निराळे सांगावे लागत नाही.

इंग्रजी अंमलात कसब्याचे तेज ओसरले. परगण्याच्या जागी तालुका आला, आणि तालुक्याचे ठाणे जुन्या कसब्यातच राहील असा नेम नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अंतर्गत जकातीची जुनी व्यवस्था गेली. 1863 मध्ये बोरघाटातून आगगाडी वर चढली, आणि व्यापार सडकेच्या व स्टेशनाच्या मागे गेला. कसबा संगमेश्वर हे याचे ठळक उदाहरण. शास्त्री नदीच्या खोऱ्यातल्या या प्राचीन स्थानी कर्णेश्वराचे अप्रतिम मंदिर उभे आहे, येथेच 1689 मध्ये संभाजी महाराज पकडले गेले, तालुकाही संगमेश्वरच्याच नावाचा आहे, पण त्याची कचेरी देवरुखास आहे. कसबे सुकेण्याचे दैव त्या मानाने बलवत्तर, की मनमाड-नाशिक मार्गावर त्याच्या नावाचे स्टेशन झाले. उलट ज्या लासलगावचा कांदा आज देशभर जातो, ते बाजाराच्या दृष्टीने कोणत्याही जुन्या कसब्याला मागे टाकील. परंतु त्याच्या नावामागे कसबे हा शब्द कधी लागला नाही, कारण तो शब्द देणारी यंत्रणाच त्याचे भाग्य उजळण्यापूर्वी अस्तास गेली होती.

मौज्याचे नशीब अगदी निराळे ठरले. मौजे म्हणजे शिवार, हद्द आणि आकार. तेथे माणसे असोत वा नसोत. जुन्या जमाखर्चात बेचिराख म्हणून नोंदलेली गावे सापडतात, म्हणजे ज्यांत दिवा लावायलाही कोणी उरले नाही अशी. तरीही ती मौजे म्हणून नांदत्या गावांच्याच ओळीत लिहिली जात, कारण त्यांची जमीन जागच्या जागी होती आणि कोणी ना कोणी शेजारच्या गावाहून येऊन ती कसत असे. विदर्भात अशा ओसाड गावांना रिठ म्हणतात, आणि गावठाणाच्या जागी केवळ पांढरीचा उंचवटा राहिला असला तरी तलाठ्याच्या कागदात तो मौजा कायम असतो. बेचिराख कसबा ही कल्पना मात्र शब्दाच्या अर्थालाच विरोधी आहे. माणसे गेली, बाजार मोडला, की कसबा उरतच नाही, उरतो तो त्याच्याखालचा मौजा. जमिनीच्या हिशेबाची घडी कोणत्याही राज्यकर्त्याला मोडून परवडत नाही, म्हणून 1836 च्या सुमारास इंदापुराकडे इंग्रजी मोजणीची पद्धत बसू लागली तेव्हाही तिने मौज्याची शीवच आधारास धरली. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात ज्या व्यवस्थेचे इतके बारकाईचे वर्णन आहे, ती मौज्याचीच व्यवस्था होय.

त्या व्यवस्थेतली वतने एकेक करून गेली. परगणे व कुलकर्णी वतने 1950 च्या कायद्याने संपली, पुढे बलुत्याची आणि पाटीलकीची वतनेही उरली नाहीत. शेटे आणि महाजन ही आता आडनावे आहेत आणि कसबे हेही आडनाव आहे. पण मौजे हा शब्द चालू कागदावर जिवंत आहे. कोथरुडात चौदाव्या मजल्यावरची सदनिका घेणाऱ्याच्या खरेदीखतात आजही मौजे कोथरूड असेच लिहिलेले असते, त्याखाली सर्व्हे नंबर येतो, चतुःसीमा येतात, आणि ज्या शिवारात एकेकाळी खळी होती त्याच शिवाराच्या नावाने त्याला नोंदणी-शुल्क भरावे लागते.