साथ, शाळा आणि दमलेला शिक्षक

वाचकहो, मुंबईत प्लेगने थैमान घातले तेव्हा, १८९७ च्या फेब्रुवारीत, सरकारने साथरोग कायदा घाईने संमत केला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा. पुढल्याच महिन्यात, १० मार्चला, प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले त्याच रोगाने गेल्या. २०२० साली करोना आला आणि तोच जुना कायदा महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला. शिक्षकवर्गाला सावित्रीबाईंचे स्मरणही करून देण्यात आले. आदर्श थोर खराच. परंतु सावित्रीबाई आपणहून गेल्या होत्या. २०२० च्या शिक्षकाच्या हाती आदेश होता, आणि शाळेचे ओझे मात्र डोक्यावर तसेच होते.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे २७ वे कलम आपण अवश्य वाचावे. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण यांखेरीज शिक्षकास अशैक्षणिक काम देऊ नये, असे ते सांगते. साथ ही आपत्तीच. तेव्हा कोणी तपासणी नाक्यावर उभा राहिला, कोणी रेशन दुकानावर. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम निघाली, तेव्हा कित्येक गुरुजी व बाई तापमापक आणि ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरल्या.

घरी परतल्यावर मोबाइलवरचा तास. ज्या घरात एकच फोन, तो बापाबरोबर कामावर गेलेला. मग धडा रात्रीच पोहोचायचा. ते कष्टही सोसले असते. पण वर्गात शिक्षक मुलांच्या चेहऱ्यावर चालतो. फळ्याकडे पाठ असली तरी मागच्या बाकावरची चुळबूळ त्याला कळते, आणि गणित उमगलेल्या पोराच्या डोळ्यांतली चमक त्याचा शीण घालवते. पडद्यावर नुसती नावे दिसत. ‘समजले का?’ या प्रश्नाला उत्तर यायचे ते शांततेचे. माझ्या मते माणसे इथे खचली.

या खचण्याला १९७४ साली अमेरिकेतील मानसतज्ज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी ‘बर्नआउट’ म्हटले. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो रोग न मानता कामाशी निगडित अवस्था ठरविली. म्हणजे ताप मोजत हिंडणाऱ्या शिक्षकाचे स्वतःचे दुखणे कोणत्याही तापमापकात दिसणारे नव्हते!

२०२१ ची दहावीची परीक्षा रद्द झाली. नववीचे गुण आणि अंतर्गत मूल्यमापन यांवरून निकाल लावण्याचे काम शाळांकडे आले. निकाल लागला ९९.९५ टक्के. त्यावर विनोद पुष्कळ झाले. गुणांचे तक्ते जुळविणाऱ्यांची आठवण थोड्यांनाच राहिली.

जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल जून २०२२ मध्ये तिसरीत आले. मधल्या दोन वर्षांत ते प्रत्यक्ष बाकावर बसले ते काही महिनेच. वर्गशिक्षिकेने तिसरीचे पुस्तक बाजूला ठेवले आणि फळ्यावर पुन्हा मुळाक्षरे काढावयास घेतली, असे अनेक शाळांत घडले.