बिनतारी हेडसेट : फर्मवेअर अद्यतन

बिनतारी गेमिंग हेडसेटच्या चिपमध्ये कायम साठवलेला आज्ञासंच काढून त्या जागी उत्पादकाची नवी आवृत्ती भरण्याची क्रिया. लॉजिटेकचे जी हब, रेझरचे सिनॅप्स अशी उत्पादकांची ॲप्स ती करून देतात. ॲप अडले की फाइल उतरवून हाताने करावी लागते.

इतिहास : फर्मवेअर ही संज्ञा ॲशर ऑप्लर यांनी १९६७ मध्ये वापरात आणली. तोशिबातील फुजिओ मासुओका यांची फ्लॅश स्मृती १९८४ मध्ये जाहीर झाली. चिप न उपटता आतला मजकूर विजेच्या साहाय्याने पुसणे त्यामुळे सोपे झाले. यूएसबीवरून फर्मवेअर भरण्याच्या प्रमाण पद्धतीची १.१ ही आवृत्ती २००४ ची.

कृती : २.४ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या संचात हेडसेट आणि संगणकाला लावायचा डोंगल असे दोन भाग असतात आणि बहुतेकदा दोघांचे फर्मवेअर वेगवेगळे असते. एकच बदलले, तर जोडी तुटते किंवा आवाज तुटक येतो. हेडसेट बिघडला म्हणून दुकानात येणाऱ्या तक्रारींत हे आधी तपासावे. मॉडेल क्रमांक अक्षरशः जुळवून फाइल घ्यावी. डोंगल हबमध्ये न लावता थेट पोर्टमध्ये लावावा. हेडसेटचा चार्जिंगचा दिवा लागतो, पण संगणकाला तो दिसत नाही, असे झाल्यास केबल बदलून पाहावी. स्वस्त केबलींत पुष्कळदा विजेच्या तारा तेवढ्या असतात, डेटाच्या नसतात.

फ्लॅश स्मृती ठोकळ्याठोकळ्याने पुसली जाते आणि मग लिहिली जाते. मधेच वीज गेली, तर जुने गेलेले आणि नवे अर्धवट अशी अवस्था होते. काही चिपांत दोन आवृत्त्यांना पुरेल इतकी जागा असते. तेथे जुनी शाबूत राहते. इतरांत बूटलोडर हा छोटा भाग सहसा पुसला जात नाही. ठरावीक बटण दाबून धरून केबल लावली, की तो जागा होतो आणि फाइल पुन्हा भरता येते. बूटलोडरच गेला, तर हेडसेट डेड समजावा.

वर्धा जिल्ह्यातील परिस्थिती : मे महिन्यात येथे पारा ४५° से. च्या वर जातो, आणि लिथियम-आयन बॅटरी चार्ज करण्याची नेहमीची वरची मर्यादाही तेवढीच आहे. तापलेला हेडसेट चार्ज होत नाही आणि बॅटरी कमी असेल, तर अनेक ॲप्स अद्यतन सुरूच करत नाहीत. काम पहाटे किंवा कूलरच्या खोलीत करावे. वादळी पावसाच्या दिवसांत डेस्कटॉपपेक्षा लॅपटॉप बरा; घरगुती इन्व्हर्टर असूनही वीज जाताक्षणी डेस्कटॉप रीस्टार्ट होऊ शकतो.

जुन्या आवृत्तीकडे परतणे : काही उत्पादक मुभा देतात, काही देत नाहीत.

वॉरंटी : उत्पादकानुसार भिन्न.