बालाघाटांतील तांड्यांची वाट

वऱ्हाडांत हवापालटास जावयाचें तें चिखलदऱ्यास, असें आपल्या सुशिक्षित कुटुंबांत जणूं ठरूनच गेलें आहे. १८२३ सालीं हैदराबादच्या फौजेंतील कॅप्टन रॉबिन्सन तेथें पोहोंचला, मागाहून साहेबलोकांचे बंगले झाले, आणि गोऱ्यांनीं जो डोंगर रम्य ठरविला तोच आपणही रम्य मानूं लागलों. परंतु वऱ्हाडास आणखी एक डोंगराळ अंग आहे. पूर्णेच्या खोऱ्याचें काळें, सपाट रान तो पायनघाट. त्याच्या दक्षिणेस अजिंठ्याची रांग चढून गेलें म्हणजे जो उंचसखल मुलूख लागतो तो बालाघाट. वाकाटकांची वत्सगुल्म नगरी, म्हणजे आजचें वाशीम, याच भागांतली. अकबराच्या काळीं तें एका सरकारचें ठाणें होतें. इंग्रजी अमलांत जिल्ह्याचें ठिकाण झालें. १९०५ सालीं तो जिल्हा मोडला आणि १९९८ सालीं अकोल्यांतून पुन्हां निराळा काढला. मानोरा हा त्याचाच एक तालुका. येथें डोंगर म्हणजे आभाळांत घुसलेलीं शिखरें नव्हेत. बुटक्या टेकड्या, त्यांच्या कुशींतून निघणारे ओहोळ आणि मधून मधून सागाचीं रानें, असा हा शांत प्रकार आहे.

गेल्या फाल्गुनांत आम्ही पतिपत्नी कारंजाहून मानोरा, दिग्रस या मार्गानें मोटारीनें पुसदेस गेलों. एका सकाळींत आटोपणारी ही वाट. आम्हीं तिला दोन दिवस दिले. पळस ऐन भरांत होता, साग मात्र उघडा. त्या शोभेचें वर्णन करण्याचें येथें प्रयोजन नाहीं. अरुणावतीकांठचें मानोरें मागें पडल्यावर सौभाग्यवतींनीं एक प्रश्न विचारला, त्यापुरतेंच हें लिहिणें आहे. त्या म्हणाल्या, "गांव खालीं नदीच्या अंगाला, आणि तांडा मात्र वर खडकाजवळ, असें कां बरें दिसतें?" तांडा म्हणजे बंजाऱ्यांची वस्ती, हें वऱ्हाडकरांस सांगावयास नको. प्रश्न साधा, पण उत्तरासाठीं चारशें वर्षें मागें जावें लागतें.

तांडा हा शब्द मुळीं वस्तीचा नव्हेच. तो चालणाऱ्यांचा आहे. १६३२ सालीं आग्र्याहून पाटण्यास निघालेल्या पीटर मंडी या इंग्रज व्यापाऱ्यास वाटेंत चौदा हजार बैलांचा एक तांडा भेटला. बैलांच्या पाठीवर माल, आणि बरोबर बायकापोरांसह सारा संसार. दिवसाची मजल फार तर सहासात मैलांची, तीही थंड वेळीं. ताव्हेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या त्याच शतकांत लिहून गेला आहे कीं, दहाबारा हजार बैलांचा तांडा समोरून आला म्हणजे तो निघून जाईपर्यंत वाटसरूस दोनदोन, तीनतीन दिवस खोळंबून राहावें लागे. आमच्या मोटारीस सहासात मैलांना अर्धी घटका पुरते.

या संथपणास कोणी आळस म्हणेल तर तें चूक होईल. बैल चालतां चालतां चरे. चारा फुकट, म्हणून वाहतूक स्वस्त. मजल वाढवावी तर वैरण विकत घ्यावी लागणार, आणि मग मीठ-धान्यासारखा जड व हलक्या किंमतीचा माल शेंकडों मैल नेणें परवडणार कसें? हें अर्थशास्त्र त्यांना कोणत्याही विद्यापीठानें शिकविलें नव्हतें. गाडीसाठीं घाट बांधावा लागतो. पाठीवर गोण घेतलेल्या बैलास टेकडीचा उतारही चालतो. त्याला हवें गवत आणि पाणी. तेव्हां नांगराखालीं न गेलेली डोंगरकडेची जमीन, जेथें झरे उगम पावतात, तीच तांड्यांना सोयीची. पावसाळ्यांत मुक्कामही अशाच ठिकाणीं पडे. आमच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर येथें आलें.

लष्करांचें पोट तर याच बैलांवर चाले. मोगलांच्या दक्षिणेवरील स्वाऱ्यांत भंगी व जंगी या नायकांचे बैल आसफखानाच्या फौजेबरोबर होते आणि त्यांस ताम्रपटानें सवलती मिळाल्या, अशी त्यांची परंपरा आहे. १८०३ सालीं असईपासून आडगांव-गाविलगडापर्यंत वेलस्ली झुंजला, तेव्हां त्याचीही भिस्त धान्य पुरविणाऱ्या बंजाऱ्यांवर होती. या लढायांचे नकाशे आपण मुलांना पाठ करावयास लावतों. त्यांत घोडदळ दिसतें, तोफा दिसतात, गोणी दिसत नाहींत. आणखी एक चमत्कारिक गोष्ट अशी कीं, वऱ्हाडच्या बंजाऱ्यांच्या परंपरा ज्यानें परिश्रमपूर्वक टिपून ठेवल्या तो कंबरलेज हा पोलिसखात्यांतला अधिकारी. इतिहासकारांनीं ज्यांची दखल घेतली नाहीं, त्यांची पोलिसांनीं घेतली.

पुढचा भाग सर्वांस ठाऊक आहे, पण तो तांड्याच्या बाजूनें क्वचित् वाचला जातो. वऱ्हाडचा कापूस एके काळीं बैलांच्या पाठीवरून पांचशें मैलांवरील मिर्झापूरच्या बाजारास जाई. १८६१ ते ६५ च्या अमेरिकन यादवी युद्धानें त्याचा भाव भडकला. १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोहोंचली आणि १८७० सालीं खामगांवास फांटा आला. आपण या घटनांना वऱ्हाडचें भाग्योदयपर्व म्हणतों, आणि शेठसावकारांपुरतें तें खरेंही आहे. पण आगगाडीनें मालाचें ओझें घेतलें व कापसाच्या शेतानें गवताचें रान घेतलें, हा दुहेरी घाव एकाच पिढीवर बसला. त्याच सुमारास, १८७१ सालीं, गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. उत्तरेंत सुरू झालेला हा कायदा १९११ मध्यें देशभर लागू करण्याची सोय झाली, आणि फिरतीवर पोट असणें हाच संशयाचा पुरावा ठरला. तो रद्द झाला १९५२ सालीं. महाराष्ट्रांत बंजारा समाज आजही विमुक्त जातींच्या यादींत आहे; 'विमुक्त' या शब्दांत त्या बेडीची आठवण राहिली आहे.

तांडे बसले ते अशा वेळीं. खोऱ्यांतील काळी जमीन तोंवर कुणब्यांच्या नांवावर चढलेली होती. उरली होती ती डोंगरकडेची बरड, ओळखीच्या झऱ्याजवळची. माझ्या मतें सौभाग्यवतींच्या प्रश्नाचें उरलेलें उत्तर हें.

मानोरा तालुक्यांतील पोहरादेवी येथें सेवालाल महाराजांची समाधि आहे. त्यांचा काळ १७३९ ते १८०६ असा मानतात. म्हणजे तांडे अजून चालत होते तेव्हांचा. जो समाज कोठेंच स्थिर नव्हता त्यानें हें एक ठिकाण आपली काशी मानलें. रामनवमीस येथें दूरदूरच्या प्रांतांतून यात्रा लोटते. २०२४ च्या ऑक्टोबरांत नंगाऱ्याच्या आकाराच्या इमारतींत बंजारा संस्कृतीचें संग्रहालय उघडलें. आम्ही गेलों त्या दिवशीं गर्दी नव्हती. दोन तास सावकाश पाहतां आलें, आणि माझा तरी चिखलदऱ्याचा मोह पार ओसरला.

पुसदेजवळ गहुली हें गांव लागतें. १९१३ सालीं तेथें वसंतराव नाईक जन्मले; १९६३ पासून १९७५ पर्यंत ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. १९७२ च्या दुष्काळांत, त्यांच्याच कारकीर्दींत, हजारों माणसें सरकारी कामांवर खडी फोडीत होतीं, रस्ते बांधीत होतीं. बैलांना ज्याची गरज नव्हती तो रस्ता, असा बंजारा मुख्यमंत्र्याच्या अमदानींत भुकेल्या हातांनीं तयार झाला.

वाटेंतल्या एका तांड्यांत आम्ही पाणी पिण्यास थांबलों. बऱ्याच घरांना कुलुपें होतीं. एका आजीबाईंनीं सांगितलें, पोरें-सुना ऊसतोडीस गेल्या आहेत, पाडव्याच्या पुढेंमागें येतील. दसरा-दिवाळीनंतर या बाजूचीं पुष्कळ जोडपीं मुकादमाची उचल घेऊन कारखान्यांकडे निघतात. तेथें नवराबायकोची मिळून नोंद एकच होते, आणि तिला म्हणतात 'एक कोयता'.