वैद्यकीय उपकरणांचे निर्जंतुकीकरण

वैद्यकीय उपकरणांचे निर्जंतुकीकरण म्हणजे शस्त्रक्रिया, प्रसूती, तपासणी किंवा उपचार यांसाठी वापरल्या जाणाऱ्या साधनांवरील सर्व सूक्ष्मजीवांचा, त्यांच्या बीजाणूंसह, नाश करण्याची प्रक्रिया होय. उपकरण जंतुनाशकाने पुसणे किंवा पाण्यात उकळणे म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे. काही जिवाणूंचे बीजाणू उकळत्या पाण्यातही टिकून राहतात. पूर्वी शस्त्रक्रियागृहाच्या एका कोपऱ्यात होणाऱ्या या कामाला आता स्वतंत्र विभागाचे व उद्योगाचे स्वरूप आले आहे.

पायऱ्या

निर्जंतुकीकरणाची सुरुवात स्वच्छतेने होते. रक्त, पू किंवा ऊतींचे कण उपकरणावर वाळले, तर त्यांच्या थराखाली सूक्ष्मजीव सुरक्षित राहतात आणि वाफ अथवा रसायन त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून वापरानंतर उपकरणे लगेच ओली ठेवतात, सांधे उघडून ब्रशने घासतात, पोकळ नळ्या आतून धुतात आणि वाळवून तपासतात. त्यानंतर ती विशिष्ट कागदात वा कापडात बांधून यंत्रात ठेवली जातात. मोठ्या रुग्णालयांतील केंद्रीय निर्जंतुकीकरण विभागात अस्वच्छ उपकरणे एका बाजूने आत येतात व निर्जंतुक झालेली दुसऱ्या बाजूने बाहेर पडतात. दोहोंचे मार्ग एकमेकांना छेदत नाहीत.

प्रमुख पद्धती

* दाबाखालील वाफ : शार्ल शांबरलाँ यांनी १८७९ मध्ये विकसित केलेले ऑटोक्लेव्ह हे यंत्र प्रेशर कुकरच्या तत्त्वावर चालते. १२१ अंश सेल्सिअस तापमानाला सुमारे १५ ते ३० मिनिटे, तर १३४ अंशांना सुमारे ३ ते ४ मिनिटे वाफ दिली जाते. धातूची उपकरणे व कापड यांसाठी ही सर्वांत स्वस्त व भरवशाची पद्धत आहे.
* इथिलीन ऑक्साइड : उष्णता न सोसणाऱ्या प्लास्टिकच्या वस्तूंसाठी हा वायू वापरतात. तो विषारी व ज्वलनशील असल्याने नंतर वस्तूंमधून पूर्णपणे काढून टाकावा लागतो.
* हायड्रोजन पेरॉक्साइड प्लाझ्मा : कमी तापमानावर व कमी वेळात होणारी, परंतु खर्चिक पद्धत.
* गॅमा किरण : कोबाल्ट-६० पासून निघणारे किरण बंद खोक्यांतूनही आरपार जातात. त्यामुळे वस्तू अंतिम वेष्टनात असतानाच निर्जंतुक करता येते.

खातरजमा

निर्जंतुक उपकरण व अस्वच्छ उपकरण दिसायला सारखेच असू शकते. त्यामुळे पडताळणी आवश्यक ठरते. यंत्रावरील तापमान व दाबाची नोंद ठेवतात. गठ्ठ्यावर रंग बदलणारी पट्टी लावतात. मात्र पट्टीचा रंग बदलला म्हणजे सर्व जंतू मेले असे नव्हे. त्यासाठी जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या अतिशय चिवट जिवाणूचे बीजाणू यंत्रात ठेवून ते नष्ट झाले की नाही, हे ठरावीक काळाने पाहिले जाते.

मुलकोवाल दुर्घटना

उपकरण पुरेसे निर्जंतुक न केल्याचे परिणाम किती गंभीर असतात, याचे एक उदाहरण मुंबईच्या वैद्यकीय इतिहासाशी निगडित आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आल्यावर वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे मुंबईच्या प्रयोगशाळेतून ही लस देशाच्या विविध भागांत जाऊ लागली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल (सध्या पाकिस्तानात) या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. ठपका प्रयोगशाळेवर आला व हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच त्याने बूच काढण्यात आले, ही बाब पुढे निर्णायक मानली गेली. १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त ठरले. परळच्या संस्थेला १९२५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

उद्योगाचा विकास

भारतात वैद्यकीय वस्तूंच्या गॅमा निर्जंतुकीकरणाचा आरंभ मुंबईत झाला. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने भाभा अणुसंशोधन केंद्राने ट्रॉम्बे येथे उभारलेले 'आयसोमेड' हे केंद्र १९७४ मध्ये सुरू झाले. टाक्यांचे धागे, हातमोजे, पट्ट्या, सिरिंज अशा वस्तूंना येथे साधारणतः २५ किलोग्रे इतकी मात्रा देण्यात येते. किरणांमुळे या वस्तू किरणोत्सारी होत नाहीत. पुढे खासगी क्षेत्रातही अशी केंद्रे उभी राहिली. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाल्यावर निर्मात्यांची जबाबदारी अधिक स्पष्ट झाली. या क्षेत्रात प्रशिक्षित तंत्रज्ञ, यंत्रदुरुस्ती करणारे कारागीर व गुणवत्ता तपासनीस यांची गरज असते.

ग्रामीण भागातील स्थिती

भंडारा जिल्ह्यातील लाखांदूरसारख्या, महानगरांपासून दूर असलेल्या तालुक्याच्या ठिकाणी वस्तू दररोज बाहेरच्या केंद्रात पाठवणे व्यवहार्य नसते. प्रसूती, टाके घालणे, लहान शस्त्रक्रिया यांसाठी स्थानिक ऑटोक्लेव्हवरच भिस्त ठेवावी लागते. आवर्तन सुरू असताना वीज गेली, तर ते पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. जड पाण्यामुळे यंत्रात क्षार साचतात, म्हणून ऊर्ध्वपातित पाणी वापरणे हितावह असते. शिबिरांत एकामागून एक शस्त्रक्रिया होत असताना उपकरणांचे पुरेसे संच नसतील, तर घाईत धुण्याची पायरी अपुरी राहण्याचा धोका असतो. दुर्बिणीद्वारे होणाऱ्या शस्त्रक्रियांनंतर, रसायनातून काढलेली उपकरणे नळाच्या साध्या पाण्याने धुतल्यामुळे जखमेत चिवट मायकोबॅक्टेरियांचा संसर्ग झाल्याची उदाहरणे भारतात नोंदली गेली आहेत. असा संसर्ग कित्येक आठवड्यांनी प्रकट होतो व त्याचे उपचार महिनोन्महिने चालतात.

निर्जंतुक केलेले वेष्टन फाटले, ओले झाले किंवा त्याची मुदत संपली, तर आतील वस्तू वापरण्यायोग्य राहत नाही. एकदाच वापरण्यासाठी बनवलेली सिरिंज व सुई पुन्हा निर्जंतुक करून वापरू नये, हा सर्वमान्य संकेत आहे.