पाठीवरचं मूल आणि कमरेचा पट्टा

मंडळी, झाशीच्या राणीचा पुतळा आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. उधळलेला घोडा, हातात तलवार आणि पाठीशी बांधलेला दामोदर. तलवारीबद्दल आपण पुष्कळ बोलतो, पाठीबद्दल कुणी बोलत नाही. दामोदररावांचा जन्म १८४९चा. म्हणजे १८५८ साली पोर आठ-नऊ वर्षांचं. वजन वीस किलोच्या आसपास धरा. शिल्पकारांनी त्याला तान्हा केला, ती त्यांची सोय. पण मूल अंगावर वाहायचं, तर त्याचा भार शरीरात जातो कुठे? आमच्या तत्त्वज्ञानात देह आणि आत्मा यांच्या संबंधावर खंडच्या खंड लिहिले गेले. देह आणि कडेवरचं पोर यांच्या संबंधावर मला तरी फारसं काही वाचल्याचं आठवत नाही.

१९७०च्या दशकात नॅन्सी टॅनर, एड्रियन झिलमन या मानवशास्त्रज्ञ स्त्रियांनी असं मांडलं, की मूल वाहण्याची झोळी हे माणसाच्या अगदी आरंभीच्या साधनांपैकी असावं. तर्क साधा आहे. माकडाचं पिल्लू आईच्या केसांना धरून लोंबकळतं. आपल्या अंगावर तसे केस नाहीत, आणि आपल्या बाळाच्या पायाला पकड नाही. मग आईचे हात मोकळे व्हायचे कसे? पण दगड टिकतो, कातडं कुजतं. म्हणून संग्रहालयात कुऱ्हाडी दिसतात, झोळी दिसत नाही.

आता पश्चिम आफ्रिकेतली पद्धत बघा. बाई कमरेत वाकते, मूल पाठीवर घेते, त्यावरून लांब कापड ओढून पुढे घट्ट गुंडाळते. खांद्यावर काहीच नाही. मुलाचं बूड आईच्या कमरेच्या मागच्या उंचवट्यावर टेकतं आणि भार तिथून थेट पायांत उतरतो. कोरियातलं पारंपरिक पोदेगी याच जातीचं.

युरोपातल्या श्रीमंतांनी हा प्रश्नच टाळला. १७३३ साली विल्यम केंट यांनी ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या मुलांसाठी छोटी गाडी बनवली. ती ओढायला जनावर. त्याआधी काय, आणि नंतर काय, मूल उचलायला दाई होतीच.

खरी गंमत पुढे आहे. अ‍ॅन मूर या अमेरिकी नर्स पीस कोअरतर्फे टोगोत होत्या. तिथल्या आया मुलं पाठीला बांधून दिवसभर कामं करताना त्यांनी पाहिल्या. १९६४ साली त्यांना मुलगी झाली, तेव्हा त्यांनीही तसंच बांधून पाहिलं. पण मुलगी घसरायला लागली! ती गाठ लहानपणापासून पाहिलेल्या हातांची होती. मग त्यांच्या आईनं, ल्युसी ऑकरमन यांनी, पट्टे लावलेली पिशवी शिवून दिली. तिचं पेटंट १९६९चं, नाव स्नगली. आजच्या कॅरिअरची ही आजी. पण कापडाला पट्टे लागले तसा भार कमरेवरून खांद्यांकडे सरकला. म्हणजे टोगोहून मूल पाठीवर घेण्याची कल्पना आली, भाराची युक्ती मागे राहिली.

ती परत आली गिर्यारोहकांकडून. १९५०च्या दशकात कॅलिफोर्नियात डिक केल्टी यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीच्या पाठपिशव्या विकायला सुरुवात केली, आणि कमरपट्ट्यानं ओझं खांद्यावरून खाली उतरवलं. मुलांच्या कॅरिअरना रुंद, गादीचा कमरपट्टा लागला तो पुढे. पाठदुखी असणाऱ्या आईला आज दुकानात आधी जे तपासायचं, ते हेच.

मला स्वतःला मणक्याचा त्रास आहे आणि नातीला उचलायची हौस आहे, म्हणून थोडं तपशिलात सांगतो. पट्टा पोटावर बांधू नका. कमरेखाली दोन्ही बाजूंना हाताला लागतात ना हाडं, त्यांवर तो बसायला हवा. आधी तो आवळा, खांद्याचे पट्टे मग. मूल इतकं वर आणि जवळ हवं, की मान किंचित वाकवून त्याच्या टाळूचा पापा घेता यावा. ते खाली लोंबलं की तुम्ही मागे कलता आणि कंबर बोलू लागते. तोंड बाहेर करून बसवलेलं मूल पुढे ओढतं. एका खांद्यावरची झोळी, मग ती कितीही सुरेख असो, दुखऱ्या पाठीला नको. मूल मान धरून बसू लागलं, वजन वाढलं, की पाठीवर घ्या. मुलाचे गुडघे बुडापेक्षा वर हवेत आणि हनुवटी छातीला टेकलेली नको, त्याला श्वास घेता आला पाहिजे. पायाला मुंग्या किंवा बधिरपणा आला तर मात्र कॅरिअर बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

आणि आपलं ‘कडेवर’? एक बाजू बाहेर काढून मूल तिथे बसवायचं, दुसऱ्या हातानं भाकरी परतायची. काखेत कळसा म्हणतात तसा. यातही भार हाडावरच जातो, पण एकाच बाजूच्या; आणि बाई वर्षानुवर्षं त्याच बाजूला कलते. बाळंतपणानंतरची कंबरदुखी आपण ‘वारा लागला’ म्हणून घातली डिंकाच्या लाडवांवर. लाडू चांगलेच असतात, माझी तक्रार नाही. पण त्या बाईनं दिवसातून किती वेळा, कोणत्या बाजूला मूल घेतलं, हे मोजायला कुणी बसलं नाही. समोर बसलेल्या आज्यांनी घरी गेल्यावर आरशासमोर उभं राहून आपले दोन खांदे एका रेषेत आहेत का, ते जरूर बघावं.