काशीगरांची नावं कुठे गेली?

वर्गात ‘काशी’ हा शब्द आला की मुलांना गंगेचा घाट आठवतो. उर्दूत या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. इराणमधलं काशान शहर झिलईच्या फरशांसाठी प्रसिद्ध होतं. त्यावरून अशा कामाला काशी आणि कारागिराला काशीगर म्हणू लागले. सिंधमधल्या हाला आणि ठट्टा इथे मुसलमान काशीगरांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आली. मातीच्या भांड्यावर पांढरा लेप, त्यावर निळी-फिरोजी नक्षी आणि वर काचेसारखी झिलई.

१८४७ ते १९३६ पर्यंत सिंध प्रांत मुंबई इलाख्यात होता. मुंबईच्या सर ज. जी. कला विद्यालयाचे (स्थापना १८५७) प्रमुख जॉर्ज टेरी यांनी १८७०च्या दशकात ही विद्या सिंधमधून इथे आणली. त्याच काळात जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करत होते. ती चित्रंही भांड्यांवर उतरली. झिलई मुसलमान घराण्यांची, चित्रं बौद्ध लेण्यांतली आणि भट्टी मुंबईची! कलेला धर्माची लेबलं लावणाऱ्यांनी एकदा हे पाहावं.

परळहून भायखळा जवळच आहे. राणीच्या बागेतल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या संग्रहात ही भांडी आहेत. इतिहासात ती ‘बॉम्बे स्कूल ऑफ आर्ट’ची म्हणून ओळखली जातात. ज्यांच्या बापजाद्यांनी ही विद्या जपली, त्या काशीगरांची नावं मात्र कोणाच्या तोंडी नाहीत.

जपानमधल्या अरिता गावी सतराव्या शतकापासून काकिएमोन हे कुंभारांचं घराणं आहे. तिथे वारस भट्टीबरोबर मूळपुरुषाचं नावही घेतो. २०१४ मध्ये पंधरावे काकिएमोन झाले.

आपल्याकडे अत्तार, मणियार, तांबोळी, शिकलगार ही आडनावं राहिली आणि धंदे सुटले. माझ्या वर्गातल्या एका शिकलगार मुलाला आपले पूर्वज हत्यारांना धार लावायचे, हे ठाऊक नव्हतं. सांगितल्यावर अर्धा वर्ग आपापल्या आडनावाचा अर्थ विचारू लागला.

म्हणून एक विनंती. घरात दादा-दादी, नाना-नानी आहेत तोवर विचारून घ्या: कोण काय काम करायचं, कुठल्या गावी, कोणाकडून शिकलं. आणि ते वहीत नावानिशी लिहून ठेवा. आपल्या माणसांची नावं आपण लिहिली नाहीत, तर दुसरं कोण लिहिणार?